मुळाकडचं टोक

आमचे सर माणसांना मागून ओळखायचे. समोरून नाही.

समोरून तुम्ही कितीही हात जोडा, भिंतीकडे पाहावं तसं तुमच्याकडे पाहून ते पुढं निघून जायचे. पण सदर बाजारच्या गर्दीत चाळीस पावलं पुढं चाललेल्या माणसाच्या डोक्याची मागची बाजू दिसली की नाव घेऊन हाक मारायचे, आणि ती हाक कधी चुकलेली मी पाहिली नाही. एकदा त्यांचे सख्खे साडभाऊ, म्हणजे साडू, लॅबच्या गेटवर उभे होते. सरांनी विचारलं, "कोण पाह्यजे तुमाले?" साडभाऊ बिचारे अपमान गिळून वळले आणि चालू लागले. चार पावलं गेले असतील, तर सर मागून ओरडले, "अहो साडभाऊ, कधी आले? अन् न भेटता काहून चालले?"

यात सरांचा तरी काय दोष? त्यांचं काम माणसाच्या मागंच उभं राहून करायचं होतं.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमची खासगी लॅब आहे. पाणी, तेल, औषधं, सगळं तपासतो. त्यातली एक खोली केसांची. खेळाडूनं ताकदीसाठी काही चोरून घेतलं का, हे केसांवरून शोधायचं. लोकांना पहिल्यांदा हे ऐकलं की हसू येतं. मलाही आलं होतं. पण गोष्ट साधी आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि वाढताना त्या महिन्यात रक्तात जे फिरत असेल त्याचा अंश सोबत घेऊन वर येतो. डोक्याच्या कातडीजवळचा केस म्हणजे आत्ताचा महिना, त्याच्या पुढचा सेंटीमीटर म्हणजे गेला महिना, आणि शेंडा सगळ्यात जुना. मोठ्या स्पर्धांच्या नियमात लघवी आणि रक्तच चालतं, केस नुसते आधाराला. पण खेळाडूंची निवड करणाऱ्या काही संस्था आपल्या समाधानासाठी केस तपासून घेत.

सर म्हणायचे, "रक्त आजचं सांगते. लघवी थोडं मागचं सांगते. केस मातर बसून गोष्ट सांगते. ज्याले घाई असन त्यानं रक्ताकडे जावं."

केस कापायचा तो डोक्याच्या मागून, माथ्याच्या जरा खाली. तिथं वाढ सगळ्यात सारखी असते. त्यामुळे वर्षानुवर्षं सरांनी माणसांच्या फक्त माना आणि मागची डोकी पाहिली. चेहरा म्हणजे त्यांच्या लेखी पाकिटाची चुकीची बाजू.

लग्नात ते नेहमी शेवटच्या रांगेत बसत. लोकांना वाटे, किती नम्र माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी असे. पुढच्या खुर्चीवरच्या पाहुण्याच्या मानेवर पांढऱ्या मुळांवरून मेंदीचा पट्टा सुरू झालेला दिसला की पट्टी हळूच जवळ न्यायची, डोळा बारीक करायचा आणि बाजूच्याला सांगायचं, "अडीच सेंटीमीटर. मंजे भाऊनं केस रंगवले अडीच महिन्याआधी. कोणाचं लग्न होतं तवा?" बाजूचा माणूस आठवायला लागे, आणि कुणाचं तरी लग्न निघतच असे. एकदा ज्यांच्या मानेशी पट्टी नेली त्या बाई फटकन वळल्या. सर शांतपणे म्हणाले, "हलू नका, बाई. मिलिमीटर चुकते."

स्वतः सरांचे केस खांद्याखाली होते. पांढरेशुभ्र, दाट. साठीचा केमिस्ट, पांढरा कोट आणि त्यावर हे केस. हिंगण्याच्या बसमध्ये एकदा एका म्हाताऱ्यानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं. सर म्हणाले, "बाबा, मी साधू नाही. मी सॅम्पल आहो."

ते खरंच होतं. तपासणी करताना शेजारी एक असा केस लागतो ज्यात काहीही नाही याची खात्री आहे. त्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे. हा कोरा केस सरांचा असे. बाहेरून मागवा म्हटलं तर म्हणत, "दुसऱ्याच्या इमानदारीवर माहं मशीन काहून चालवू?" म्हणून ते केस वाढवत, आणि म्हणूनच अंगात काही जाऊ देत नसत. डोकं दुखलं तरी गोळी नाही. चहा सोडून दुसरं व्यसन नाही. गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरनं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. सर खुर्चीतून उठले. "डॉक्टरसाहेब, माह्यावर अख्खी लॅब चालते," असं म्हणाले आणि लंगडत घरी आले. पुढचे दोन महिने ते गुडघ्याला एरंडाचं पान बांधून यायचे. आणि त्या पानाचीसुद्धा वहीत नोंद केलेली होती.

निवृत्त झाले त्या दिवशी दुपारी सलूनमध्ये गेले, सगळे केस उतरवले आणि निरोपाच्या कार्यक्रमाला आले. वॉचमननं त्यांना गेटवर अडवलं. आम्ही सगळे खिडकीतून पाहत होतो आणि कुणीही खाली गेलो नाही. पाच मिनिटं ते वॉचमनला सांगत होते की मीच तो. शेवटी वळून त्याला पाठ दाखवली आणि म्हणाले, "मागून पाह्य ना गा." वॉचमन म्हणाला, "मागून तं अजिबातच नाही."

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढच्या गोष्टीत मी आहे आणि फार चांगल्या जागी नाही. गोष्ट सर निवृत्त होण्याच्या आधीची.

मी एम.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या घरात माझ्याआधी बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. बाबा हिंगण्यालाच एका कंपनीत फिटर. माझी नोकरी लागली तेव्हा बाबांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना संत्र्याची बर्फी वाटली होती. मी ज्या रस्त्यानं नोकरीला जाते त्याच रस्त्यानं ते जातात. ते मशीन दुरुस्त करतात, मी मशीन चालवते. मला याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. रिपोर्टवर सही केली की मी नावापुढं एम.एस्सी. लिहायचीच. सही करताना अक्षर जरा मोठं व्हायचं. सर चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "सही छान आहे वं. मजकूर पन पाहून घेत जा."

मला राग यायचा. मी चुकत नव्हते. दीड वर्षात माझी एकही चूक निघाली नव्हती, आणि मला वाटायचं, सर ती शोधत बसलेत.

केस घ्यायची सरांची पद्धत ठरलेली होती. मागची पेन्सिलएवढी जाड बट धरायची. कातडीला लागून सुती दोरा बांधायचा. दोरा बांधल्यावरच कात्री लावायची. मग बट फॉइलमध्ये गुंडाळून दोऱ्याच्या बाजूला बाण काढायचा. बाण म्हणजे मूळ. बटेचे दोन भाग करायचे. एक तपासायला, एक सीलबंद कपाटात. आणि एक नियम ते भाषणासारखा म्हणून दाखवायचे. "शंका आली तं फेकून दे. दुसरी काप. डोक्शावर अजून आहेत."

एप्रिलच्या शेवटी एका खेळाडू वसतिगृहानं मुलामुलींचे केस तपासायला पाठवले. पाठवले म्हणजे मुलंच पाठवली, डोक्यांसकट. त्यात उमरेडकडची एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची, आठशे मीटर धावणारी. सडपातळ, काळी, बोलायला एकदम धीट. केस मुलासारखे बारीक कापलेले, जेमतेम सहा सेंटीमीटर. वसतिगृहात राहणं, खाणं, शिकणं आणि कोच, सगळं मिळणार होतं. तिथं जागा मिळाली नाही तर गावच्या कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर चुकवत धावत राहायचं, एवढीच दुसरी वाट तिला होती.

फॉर्मवर एक रकाना असतो, आधी कधी काही घेतलं का. बाकी सगळ्यांनी तिथं 'नाही' लिहिलं होतं. हिनं अख्खी गोष्ट लिहिली होती. दिवाळीच्या आधी कावीळ झाली. अंगात ताकद नव्हती. गावातल्या डॉक्टरनं ताकदीची म्हणून तीन इंजेक्शनं दिली. नंतर शिबिरात समजलं की ते स्टेरॉइड असतं. त्यानंतर काही घेतलं नाही. खाली सही.

वसतिगृहाचा नियम होता की मागच्या तीन महिन्यांत काही सापडलं तर जागा नाही. त्याआधीचं असेल आणि स्वतःहून सांगितलं असेल तर चालेल. म्हणजे तिचं सगळं भवितव्य त्या सहा सेंटीमीटरवर होतं, आणि ते माझ्या हातात होते.

ती डोक्याला चांगलं तेल चोपडून आली होती. मी दोरा बांधला, तो सरकला. पुन्हा बांधला, पुन्हा सरकला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, रांगेत अजून सात जण. मी म्हटलं, आधी कापू, मग बांधू. कापलं. तेवढ्यात कूलरचा झोत आला आणि बट माझ्या चिमटीतून निसटून ट्रेमध्ये पडली.

मी त्या बटेकडे पाहत उभी राहिले. दोन्ही टोकं कात्रीनं कापलेली, दोन्ही सारखी. मूळ कोणतं? मला वाटलं, हे. पण पुरती खात्री नव्हती. दुसरी बट कापायला एक मिनिट लागलं असतं. पण त्या मुलीसमोर आणि त्या सात जणांसमोर 'माझं चुकलं, पुन्हा बसा' म्हणायला मला जड गेलं. एम.एस्सी. झालेल्या हाताकडून केस पडतो का? मी दोरा बांधला, बाण काढला.

ती म्हणाली, "झालं का वं ताई?"

"झालं," मी म्हटलं.

त्या आठवड्यात सर रजेवर होते, पुतणीच्या लग्नाला, अर्थात शेवटच्या रांगेत. मी बटेचे सहा तुकडे केले, धुतले, दळले, मशीनला लावले. मुळाकडच्या पहिल्या तुकड्यात स्टेरॉइड भरपूर. दुसऱ्यात पुसट. बाकी चार साफ. म्हणजे गेल्या दोन महिन्यांतलं. दिवाळीच्या वेळी काहीच नाही. मला खरं सांगायचं तर वाईटच वाटलं. किती साळसूदपणे लिहिलं होतं पोरीनं. मी रिपोर्ट केला, सही केली, पाठवून दिला.

सोमवारी सर आले. ते कोणतीही फाइल शेवटच्या पानापासून वाचायचे, त्यामुळे माझा रिपोर्ट आधी आणि तिचा फॉर्म नंतर वाचला. मग मला बोलावलं. टेबलावर दोन्ही कागद समोरासमोर ठेवले होते.

"हे पोरगी काय म्हणून राहिली? जुनं आहे, नवं नाही. अन् तू काय म्हणून राहिली? नवं आहे, जुनं नाही."

"खोटं बोलली ती, सर."

"खोटं बोलणाऱ्याले मी वळखतो ना," सर म्हणाले. "तो इकडलं तिकडं करते. थोडं लपवते, थोडं वाढवते. इतकं बरोब्बर उलटं कोणी बोलत नाही. हे तं आरशात पाहून बोलल्यासारखं आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोरून. बहुतेक पहिल्यांदाच. "दोरा कधी बांधला?"

मी टेबलावरचे दोन्ही कागद उगाच सरळ केले. सरांनी घाई केली नाही. मग मी सगळं सांगितलं, तेल, कूलर, ट्रे.

मला वाटलं, आता ओरडतील. ते उठून कपाटाकडे गेले, तिचं सीलबंद पाकीट काढलं, खिशात घातलं आणि म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"तिकडं. इथं आपण दोघंच पाहू अन् दोघंच खुश होऊ, त्याचा काय उपयोग? ज्याइनं तिले काढलं त्याइच्या समोर फोडू."

वसतिगृहात फोन लावला तर कळलं, सकाळीच तिला कळवलं होतं. सामान घेऊन निघालीसुद्धा. सरांनी स्कूटर काढली. मी मागं बसले. सरांचे केस सगळ्या रस्त्यानं माझ्या तोंडावर येत होते, आणि मी ते बाजूला सारत विचार करत होते की ही नोकरी आज संपली. बाबांना काय सांगायचं?

सदर बाजारच्या सिग्नलवर सरांनी एकदम ब्रेक मारला. समोरच्या बस थांब्यावर वीसेक माणसं आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"ते पाह्य. ते आपल्या लॅबचं भोक."

आणि खरंच. बारीक केसांच्या एका डोक्यावर, मागं, माथ्याच्या जरा खाली, पेन्सिलएवढा गोल टक्कलाचा ठिपका होता. खाली पायांशी एक बॅग. सरांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. स्कूटर तिथंच उभी केली, मागून गेले आणि म्हणाले, "उमरेडवाली, कोठी चालली?"

ती वळली. लांब पांढऱ्या केसांचा माणूस पाहून दोन पावलं मागं सरली. मग तिला मी दिसले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहिणार नाही.

"घरी," ती म्हणाली. "तुमीच तं पाठवून राहिले घरी."

"तेच चुकलं," सर म्हणाले. "बस सोड. आटोत बस."

ऑटोत मी तिच्या शेजारी होते, सर पुढं स्कूटरवर. ती बाहेर पाहत होती. मी म्हटलं, तुझ्या केसाचं मूळ कोणतं आणि शेंडा कोणता हे माझ्याकडून उलटं झालं असेल. तिनं बॅग मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "असन मंजे? झालं का नाही झालं?"

"बघायचंय."

"मंजे अजून तुमालेच नाही माहीत," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली.

वसतिगृहाच्या ऑफिसात अध्यक्ष बसले होते. भला, गोल माणूस, डोक्यावर एकही केस नाही, पण मिशी मात्र ऐसपैस. सोबत कोच मॅडम. सरांनी नमस्कार केला, अध्यक्षांऐवजी शेजारच्या कपाटाला, आणि बोलायला सुरुवात केली.

"केस गुळगुळीत दिसते, पण नसते. त्याच्यावर बारीक खवले असतात, कौलासारखे एकावर एक. सगळे शेंड्याकडे तोंड करून. म्हणून केस दोन बोटाच्या मधात धरला अन् मागंपुढं चोळला, तं तो आपला एकाच बाजूनं सरकते. मुळाच्या बाजूनं. तुमी कसाही धरा. तोडा एकेक."

कोच मॅडमनं एक केस तोडला. मुळाची बाजू लक्षात ठेवली आणि चोळू लागल्या. केस त्यांच्या बोटांतून आळशी अळीसारखा सरकत मुळाच्या बाजूनं बाहेर आला. त्यांनी उलटा धरला. तो पुन्हा मुळाच्याच बाजूनं निघाला. "अय्या," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांचा हात आपोआप डोक्यावर गेला आणि तसाच खाली आला. खोलीत कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी छताकडे पाहिलं. सर अतिशय सभ्यपणे म्हणाले, "मिशीचाबी चालते."

अध्यक्षांनी मिशीचा एक केस उपटला. डोळ्यांत पाणी आलं. पण तो सरकायला लागल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. शिपायाला आत बोलावलं आणि त्याचा एक केस मागितला. पाच मिनिटं त्या ऑफिसात चार मोठी माणसं बोटं चोळत बसली होती, आणि दारात आपली बॅग धरून उभी असलेली ती मुलगी आमच्याकडे पाहत होती. वेड्यांच्या दवाखान्यात चुकून आल्यासारखी.

मग सरांनी सील दाखवलं, सगळ्यांसमोर फोडलं, आणि माझ्या हातात चिमटा दिला. "काढ एक. बाण दाखव सगळ्याइले."

मी एक केस काढला. बाण माझ्याच हातचा होता, ठळक, ऐटबाज. बाणाची बाजू सगळ्यांना दाखवली आणि चोळायला लागले. केस बाणाच्या उलट्या बाजूला सरकला. दुसरा काढला. तोही उलटा. दहा काढले. दहाही उलटे.

सर काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मला माहीत होतं ते काय म्हणतील. 'चूक आमची' म्हणतील. तो 'आमची' मला नको होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "दोरा नंतर बांधला. अंदाजानं बांधला. शंका आली होती, तरी दुसरी बट कापली नाही. रिपोर्टवर सही माझी आहे, तीही मी एकटीनं केली."

एवढं बोलले आणि मला हलकं वाटलं. विचित्र आहे, पण वाटलं. दीड वर्षात मी कुठल्याच खुर्चीत एवढी ताठ बसले नव्हते.

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बोटाचं दाखवणं चांगलं आहे," ते म्हणाले, "पण कमिटीले मी बोटं नाही दाखवू शकत. कागद लागन. तीन दिवस देतो. तोवर पोरगी इथंच राहीन." मग मुलीकडे वळून म्हणाले, "बॅग ठेव आत. जेवली का?"

"नाही," ती म्हणाली. "तुमी जेवू कोठी देलं?"

परत येताना सर स्कूटरवर गाणं गुणगुणत होते. मी विचारलं, "सर, मला काढणार का?"

"काहून काढू?" ते म्हणाले. "आता तं कुठं तू कामाची झाली. ज्याच्या हातून अजून केस पडला नाही त्याच्यावर मी भरोसा नाही ठेवत. मीबी पाडलेत. दोनदा. पहिल्यांदा लपवलं होतं म्यानं."

दुसऱ्यांदा काय केलं, ते मी विचारलं नाही.

सीलबंद बटेवर तीन दिवस काम झालं. आधी सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यांची दिशा पाहिली, फोटो काढले, मग तुकडे केले. पुन्हा सगळं मीच केलं. सर मागं उभे होते, माझ्या डोक्यामागं, आणि अधूनमधून सांगत होते की माझा भांग अर्धा सेंटीमीटर डावीकडे गेला आहे. गुरुवारी निकाल आला. आत्ताच्या महिन्याचा तुकडा साफ. त्यामागचा साफ. त्यामागचेही दोन साफ. पाचव्यात पुसट. सहाव्यात, दिवाळीच्या आसपास, भरपूर. तिच्या फॉर्ममधली ओळन् ओळ, रसायनांच्या भाषेत. मी रिपोर्ट लिहिला. वर लिहिलं की आधीचा रिपोर्ट तपासणाऱ्याच्या चुकीमुळे रद्द, आणि ती चूक कोणती तेही लिहिलं. सही केली. सरांनी माझ्या सहीशेजारी सही केली, माझ्यापेक्षा बारीक अक्षरात.

कमिटीला मेल गेला, पण एक प्रत मला स्वतः तिच्या हातात द्यायची होती. सकाळी सातला मी आणि सर मैदानावर गेलो. ती धावत होती. कोच मॅडमनं हातानंच थांबा म्हणून खूण केली. आम्ही दोन राउंडभर रिपोर्ट धरून कडेला उभे राहिलो. ती जवळून गेली तेव्हा आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागून पाहिलं तर टक्कलाच्या ठिपक्यात बारीक काळी खुंटं आलेली होती. सर म्हणाले, "दोन मिलिमीटर," आणि खूश झाले.

मग ती आली, कमरेवर हात ठेवून, श्वास टाकत. मी कागद पुढं केला. म्हटलं, "झालं बघ. तू साफ आहेस. जसं तू सांगितलं होतं अगदी तसंच निघालं."

तिनं कागद घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. आकडे, आलेख, फोटो, दोन सह्या. मी वाट पाहत होते. मला वाटलं, रडेल, किंवा हात धरेल, किंवा निदान हसेल.

"मले तं माहीतच होतं, ताई," ती म्हणाली. "म्या लेहून देलं होतं ना."

सर इतके हसले की कोच मॅडमचं स्टॉपवॉच चुकलं. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, सगळे पांढरे केस तोंडावर. मी पण हसायला लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही इतकी मशीनं लावली, इतके केस दळले, आणि शेवटी जिथं पोचलो तिथं ही पोरगी पहिल्या दिवसापासून उभी होती, फॉर्मच्या एका रकान्यात.

तिनं आमच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "किती राह्यले?"

"दोन," मॅडम म्हणाल्या.

वारा होता. तिनं रिपोर्ट ट्रॅकच्या कडेला ठेवला, उडू नये म्हणून त्यावर आधीच काढून ठेवलेल्या आपल्या चपला ठेवल्या, आणि उरलेले दोन राउंड मारायला निघून गेली.